पावसाळ्यासाठी जुनी फोर बाय फोर पिकअप: पर्वत पाटियाच्या रस्त्यांना नेमके काय हवे?

जुनी फोर बाय फोर पिकअप पावसाळ्यासाठी घ्यावी का, हा प्रश्न सुरतच्या पर्वत पाटिया, गोडादरा, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात केवळ हौसेचा नाही. इथली कितीतरी मराठी घरे धुळे, नंदुरबार, जळगावहून कापडाच्या धंद्यामागे आलेली आहेत. पोटापाण्याचा उद्योग इथे, तर शेती आणि भाऊबंद गावाकडे. त्यामुळे चारचाकी घ्यायची तर तिने दोन्हीकडचे काम करावे, अशी अपेक्षा असते. आठवडाभर तिने सारोलीच्या आणि रिंग रोडच्या मार्केटांतले गठ्ठे वाहायचे आणि पेरणीला किंवा सणावाराला नवापूर, साक्रीच्या रस्त्याने गाव गाठायचे. पावसाळ्यात दोन्ही टोके एकाच वेळी अवघड होतात. इथे खाडीचे पाणी चढते, तिथे शेतरस्त्यांचा चिखल होतो. अशा वेळी दहा-पंधरा वर्षांची, पुढच्या चाकांनाही ताकद असलेली पिकअप विक्रीला दिसली की एका गाडीत दोन्ही प्रश्न सुटले असे वाटू लागते. माझे म्हणणे असे की हे दोन प्रश्न मुळात एक नाहीत. चारही चाकांना ताकद देणे हा पकडीवरचा उपाय आहे. गाडी पकड सुटल्यामुळे अडते तिथे तो फार कामाचा ठरतो. ती पाण्याच्या खोलीमुळे अडते तिथे त्याचा उपयोग नाही, उलट तो खोटा धीर देतो म्हणून धोका वाढतो. खरेदीचा सगळा विचार या एका फरकावर उभा राहायला हवा.

पावसाळ्यासाठी वेगळी गाडी ठेवण्याची कल्पना आपल्याकडे नवी वाटते, पण थंड देशांत ती जुनी आहे. कॅनडाच्या ओंटारिओत किंवा अमेरिकेच्या मिशिगन, मिनेसोटात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हिवाळ्याची गाडी हा प्रकार ओळखीचा असतो. तिथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते गाडीच्या तळाला चिकटते आणि लोखंड खाते. म्हणून चांगली गाडी घरात ठेवून हिवाळाभर एखादी जुनी फोर बाय फोर पिकअप झिजवायची, हा हिशेब तिथे पटण्यासारखा आहे. बर्फावर गाडी अडते ती पकड नसल्यामुळे, तेव्हा चारही चाकांना ताकद मिळाली तर ती निघते. मात्र त्या देशांतही या उपायाला मर्यादा आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात गाड्यांना हिवाळी टायर लावणे कायद्याने सक्तीचे आहे. कायद्याने टायर मागितले, फोर बाय फोर मागितली नाही. कारण ताकद कितीही चाकांना दिली तरी रस्त्याला टेकलेले असते ते रबरच, आणि गाडी थांबवताना व वळवताना तेवढेच उपयोगी पडते. बर्फाच्या देशाने कायद्यात उतरवलेला हा धडा पावसाच्या देशानेही घ्यावा असा आहे.

यंत्रणा नेमके काय करते, हे समजल्याशिवाय तिची किंमत ठरवता येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या फोर बाय फोर पिकअप 'पार्ट टाइम' प्रकारच्या असतात. एरवी ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. लिव्हर ओढला किंवा बटण फिरवले की ट्रान्स्फर केसमधून ती पुढच्या एक्सललाही मिळते आणि पुढचा व मागचा एक्सल एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते. मातीत किंवा चिखलात चाके थोडी घसरून हा फरक पचवतात. कोरड्या डांबरावर तो पचत नाही, सगळा ताण गिअर, जॉइंट आणि टायरवर येतो. म्हणून ही सोय रोजच्या शहरी रस्त्यासाठी नाहीच. चढावर आणि चिखलात खरे काम करते ती 'फोर लो' ही हळू चालीची, जोरकस जोडणी. त्यातही डिफरन्शियल साधे असेल तर एकच चाक हवेत किंवा पूर्ण गाऱ्यात गेल्यावर ताकद त्याच चाकाकडे पळते आणि दुसरे जागेवर राहते. ब्रेकचा तर याच्याशी संबंधच नाही. ब्रेक दोनचाकी ताकदीच्या गाडीलाही चारही चाकांना असतात. ओल्या डांबरावर गुळगुळीत टायरची फोर बाय फोर चांगल्या टायरच्या साध्या पिकअपपेक्षा उशिराच थांबते. रिकाम्या पिकअपचे मागचे अंग हलके असते, ती पावसात वळणावर मागून सटकते. तेव्हा हौद्यात मागच्या एक्सलच्या वर घट्ट बांधलेले थोडे वजन आणि कमी वेग, एवढाच खरा उपाय असतो.

आता पर्वत पाटियाचे पाणी पाहू. सुरतेत दोन प्रकारचे पूर येतात आणि त्यांत फरक करायला हवा. ऑगस्ट २००६ चा पूर तापीचा होता. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडवला होता. पर्वत पाटिया, लिंबायत, गोडादरा या बाजूला वरचेवर येतो तो खाडीचा पूर. मीठी खाडीसारख्या ओढ्यांना शहराबाहेरच्या तालुक्यांतले पावसाचे पाणी येऊन मिळते. समुद्राला भरती असली की ते पुढे सरकत नाही आणि वस्त्यांत पसरते. जुलै २०२४ आणि जून २०२५ या दोन्ही पावसाळ्यांत या भागाने ते अनुभवले. हे पाणी गढूळ, सांडपाणी मिसळलेले आणि बऱ्याच ठिकाणी संथ असते, आणि ओसरायला वेळ घेते. त्याच्याखाली डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता असतो, म्हणजे पकडीचा प्रश्न जवळजवळ नसतोच. प्रश्न असतो खोलीचा, आणि झाकण वाहून गेलेल्या न दिसणाऱ्या गटाराचा. तिथे पुढच्या चाकांना ताकद मिळाली काय किंवा न मिळाली काय, निकाल तोच.

खोलीचे गणित कठोर आहे. पिकअपच्या केबिनचा आणि बॉनेटचा तळ मिळून ढोबळ पाच चौरस मीटर धरला, तर तळाच्या वर चढलेले दर १० सेंटिमीटर पाणी सुमारे ५०० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे पाणी आत शिरेपर्यंत सुमारे ५०० किलो वजन उचलते. गाडी पूर्ण तरंगायला वेळ लागेल, पण पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग निकामी व्हायला इतकेही पुरते. पाणी वाहते असेल तर एक फूट खोली लहान मोटारीला आणि दोन फूट खोली बहुतेक मोठ्या गाड्यांना वाहून नेऊ शकते, असा इशारा अमेरिकेची हवामान सेवा देते, आणि त्या मोठ्या गाड्यांत पिकअपही येतात. दुसरा धोका इंजिनाचा. हवा ओढण्याच्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेले की ते हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावे लागते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सेल्फ मारून चालू करायला जाणे हे या नुकसानीचे नेहमीचे कारण आहे. साध्या सर्वसमावेशक विम्यात अशी हानी सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते आणि जुन्या गाडीला ते मिळणे कठीण असते. तिसरा धोका उशिरा कळतो. तापलेला एक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ होते, बेअरिंग आणि गिअर खराब होऊ लागतात. फोर बाय फोरमध्ये पुढचा डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केस जास्तीचे असल्याने पाणी शिरायच्या जागाही जास्त असतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पिकअप उंच असते, तिच्या खालची जागा मोठी असते आणि जिथे लहान मोटार अडकते तिथून ती निघून जाते, हे पर्वत पाटियात दर पावसाळ्यात दिसते. खरे आहे. पण ते श्रेय उंचीचे आहे, चार चाकांच्या ताकदीचे नाही. तीच उंची साध्या बोलेरो पिकअपला किंवा टाटा २०७ ला जवळपास तितकीच मिळते, तीही कमी किमतीत आणि कमी भागांसह. गाडी आणखी उंच करू, मोठे टायर लावू, हवेचे तोंड वर नेऊ, असेही सुचवले जाते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ इथे आड येते. कारखान्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. बदललेली गाडी फिटनेसला अडते आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयते कारण जाते. म्हणून गुडघ्याच्या वर, न दिसणाऱ्या तळाच्या पाण्यात गाडी न घालणे हा नियम गाडी कोणतीही असली तरी पाळावा.

मग ही गाडी खरी कुठे लागते? सुरत ते धुळे हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा रस्ता बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत कोंडाईबारी घाटातून साक्रीकडे जातो. या रस्त्याला फोर बाय फोरची गरज नाही. गरज सुरू होते ती महामार्ग सोडल्यावर. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळच्या डोंगरवस्त्यांकडे जाणारे कच्चे चढ, डांग जिल्ह्यातल्या जंगलवाटा आणि खानदेशातल्या काळ्या मातीच्या शेतवाटा या तिन्ही ठिकाणी गाडी पकड सुटल्यामुळेच अडते. काळी माती पाणी शोषून फुगते आणि टायरच्या खाचांत लिंपली जाते. खाचा बुजल्या की नवा टायरही गुळगुळीत टायरसारखा फिरतो. अशा जागी रुंद खाचांचे चिखलाचे टायर आणि 'फोर लो' यांची जोडी गाडी बाहेर काढते, साध्या पिकअपला मात्र ट्रॅक्टर बोलवावा लागतो. ज्याची जमीन अशा वाटेवर आहे, जो डोंगरवस्त्यांत सौर पंप किंवा मोबाइल टॉवरच्या देखभालीची कामे घेतो, ज्याला भर पावसात खत, बियाणे आणि आजारी माणूस या वाटांनी आणावा-न्यावा लागतो, त्याच्यासाठी ही गाडी योग्य अवजार आहे. मात्र माणसे हौद्यात बसवून नव्हे. मालवाहू गाडीच्या हौद्यातला प्रवास बेकायदा आहे आणि घसरत्या चढावर तो जिवावर बेततो. दोन ओळींची, डबल केबिन गाडी घेण्याचे हे सर्वांत भक्कम कारण आहे.

बाजारात मिळते काय, हे पाहिले तर निवड फार मोठी नाही. आपल्या देशातल्या पिकअप बहुतांशी मागच्या चाकांच्याच. महिंद्राने १९४७ पासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि आपल्याकडची फोर बाय फोरची परंपरा बरीचशी त्या जीपमधून आली. त्या वंशातली बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर दणकट असते, भाग सहज मिळतात आणि गावचा मेस्त्रीही ती ओळखतो. स्कॉर्पिओ गेटअवे आणि टाटा झेनॉन यांच्या फोर बाय फोर गाड्या जास्त आरामाच्या आहेत, पण उत्पादन थांबल्याने त्यांच्या ट्रान्स्फर केसचे आणि पुढच्या एक्सलचे भाग शोधावे लागतात. २०१६ मध्ये आलेली इसुझू व्ही-क्रॉस या सर्वांत सक्षम, मात्र तिची इलेक्ट्रॉनिक्स आणि दुरुस्ती दोन्ही महाग. २००५ साली आलेल्या टाटा एसने, म्हणजे छोट्या हाथीने, शहरातली मालवाहतूक बदलून टाकली. ज्याचे काम फक्त मार्केट ते गोदाम एवढेच आहे त्याला आजही तोच वर्ग पुरतो.

जुनी गाडी तपासताना इंजिनाच्या आवाजापेक्षा चासी आधी पाहावी. इंजिन पुन्हा बांधता येते, कुजलेली चासी सुरक्षितपणे बांधता येत नाही. हौद्याखालचे आडवे पत्रे, पाट्यांचे हँगर, केबिनचे माउंट यांवर लहान हातोडी मारून आवाज ऐकावा. नवा काळा रंग किंवा दाट अंडरकोटिंग दिसले तर संशय धरावा. सुरतेच्या खारट, दमट हवेत आणि खाडीच्या घाण पाण्यात राहिलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून पोखरलेली असू शकते. गाडी पुरात बुडाली होती का, हे कळायच्या जागा ठरलेल्या आहेत. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का पाहावे, कार्पेट उचलावे, सीटचे बोल्ट आणि हेडलाइटच्या आतला भाग पाहावा. मग फोर बाय फोरची परीक्षा. वर्षानुवर्षे न ओढलेला लिव्हर अडकतो, हब गंजतात, व्हॅक्यूमचे पाइप फुटतात. मऊ मातीच्या मैदानात 'फोर हाय' आणि 'फोर लो' दोन्ही लावून, दोन्ही बाजूंना वळवून, पुढची चाके खरोखर ओढतात का हे बघावे. चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत, नाहीतर ट्रान्स्फर केस उगाच ताणाखाली राहतो. नियमाने टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. पावसासाठी ती याहून बरीच जास्त असावी. जोडणी चालतच नसेल तर ती गाडी साध्या पिकअपच्या किमतीलाही महाग समजावी, कारण पुढच्या एक्सलचे ओझे ती वाहते आणि फायदा देत नाही.

सुरत आणि खानदेश यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे, म्हणून कागदांचा प्रश्न इथे जास्त नाजूक होतो. एमएच १८ किंवा एमएच ३९ क्रमांकाची गाडी स्वस्त मिळाली आणि ती सुरतेतच ठेवायची असेल, तर बारा महिन्यांनंतर गुजरातची नोंदणी बंधनकारक आहे. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, गुजरातचा कर आणि बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला हे सगळे लागते. नुसत्या सहीच्या कोऱ्या फॉर्मवर गाडी फिरवणे दोघांनाही महागात पडते. नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला आहे. म्हणजे विकणाऱ्यालाही नाव बदलून घेण्यात तितकेच हित आहे. पिवळ्या पाटीची मालवाहू गाडी आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेसला न्यावी लागते. पांढऱ्या पाटीच्या गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढते. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. परवान्याची चिंता मात्र कमी झाली. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले.

जुन्या गाडीच्या बाजूने सर्वांत जोरदार युक्तिवाद साधेपणाचा आहे. यांत्रिक डिझेल पंपाच्या इंजिनाला कॉम्प्युटर नसतो, भिजून सेन्सर मरत नाहीत आणि रस्त्याकडेच्या गॅरेजात ते दुरुस्त होते. यात तथ्य आहे, आणि दुर्गम भागासाठी ते मोलाचे आहे. पण साधेपणा वयाची झीज भरून काढत नाही. पुढचा प्रोपेलर शाफ्ट, जॉइंट, हब, सील, दोन जास्तीची तेले हा खर्च गाडी उभी असली तरी चालूच राहतो, आणि जास्तीच्या वजनाने डिझेलही जास्त लागते. याउलट काही जण म्हणतील की जुनी डिझेल गाडी मुळीच घेऊ नये, धूर आणि असुरक्षितता दोन्ही वाढतात. हाही आक्षेप गंभीर आहे. लिंबायत, पर्वत पाटियासारख्या दाट वस्तीत जुन्या डिझेलचा धूर शेजाऱ्यांच्या फुप्फुसात जातो, आणि एअरबॅग नसलेल्या गाडीतला चालक हाही कुणाच्या तरी घरातला कर्ता माणूस असतो. १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेले भंगार धोरण केवळ वय बघून खासगी गाडी मोडीत काढत नाही, तपासणीत नापास झालेली गाडी काढते. ही कसोटी न्याय्य आहे आणि खरेदीदारानेही तीच लावावी. वर्षातून मोजके महिने, दुर्गम रस्त्यावर, खऱ्या गरजेला वापरली जाणारी आणि तपासणीत टिकणारी जुनी गाडी समर्थनीय आहे. रोज शहरात गठ्ठे वाहणारी नाही.

या सगळ्याचा निष्कर्ष मला स्पष्ट दिसतो. पर्वत पाटियात राहून शहरातच धंदा करणाऱ्याने फोर बाय फोरचा नाद सोडून कमी वयाची, शाबूत चासीची साधी पिकअप घ्यावी. वाचलेल्या पैशातून चार चांगले टायर, ब्रेकचे काम आणि विम्यातले इंजिनाचे कलम घ्यावे, आणि पाणी चढायच्या आत गाडी उंच जागी लावायची सोय आधीच ठरवून ठेवावी. ज्याच्या पावसाळ्यातल्या कामाचा मोठा भाग सातपुड्यात, डांगात किंवा काळ्या मातीच्या शिवारात आहे, त्याने जुनी फोर बाय फोर जरूर घ्यावी, मात्र चासी, जोडणी आणि कागद या तिन्हींत ती पास झाली तरच. यांतल्या एकातही नापास झाली तर किंमत कितीही उतरवून मिळाली तरी सौदा सोडावा. आणि खाडीच्या पुराचा उपाय कुणाच्याही हौद्यात भरून आणता येणार नाही, हेही मान्य करायला हवे. खाड्या रुंद आणि मोकळ्या ठेवणे, त्यांच्या काठावरचे भराव रोखणे, भरतीच्या वेळी पाणी उपसायची पंपांची व्यवस्था सज्ज ठेवणे ही महानगरपालिकेची आणि नागरिकांची सामाईक कामे आहेत. गाडी घेण्यासाठी आपण जितकी चौकशी करतो, तितकीच चिकाटी या कामांच्या मागणीत दाखवली तर पायी जाणाऱ्या कामगारालाही कोरडा रस्ता मिळेल. त्याला पिकअप परवडत नाही, पण पाण्यातून वाट काढावी लागते ती सर्वांत आधी त्यालाच.